मोहरीच्या पाटीवरची बाई

"कोण आहे ही बया?" तोमिएनं नवऱ्यापुढची वाटी उचलून घेतली. "आधी नाव सांगा, मग मिसोचं सूप मिळेल."

एइझोनं हातातल्या जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. "कुठली बया?"

"साळसूदपणा पुरे! नागाओंच्या मोहरीच्या दुकानावर टांगलीत ती. अख्खं ओसाका तिला बघून हसतंय."

एइझो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. लग्न झाल्यापासून त्यानं जिथे म्हणून बाईचा चेहरा काढला, तिथे तोमिएचाच काढला. फणीच्या दुकानावर ती, साबणाच्या पाटीवर ती, स्टेशनसमोर बिअरचा पेला धरून उभी तीही तीच. गोल गाल, झुकलेल्या पापण्या, ओठांवर जेमतेम हसू. तो तिला पहिल्यांदा बघायला आला होता, तेव्हा ती बसली होती अगदी तशी. बाजारात जाताना तोमिए मुद्दाम त्या पाट्यांखालून जायची. का जाऊ नये? गल्लीत दुसऱ्या कुणाच्या नवऱ्यानं बायकोला असं मिरवलं होतं?

आणि आता ही! डावी भुवई पार कपाळात, हनुवटी पुढे, नाकपुड्या फुगलेल्या. वर पुन्हा निऑनच्या नळ्या. दिवेलागणीला तिच्या गालांवर लाल वर्तुळं पेटायची आणि नाकातून पिवळ्या वाफा निघायच्या. लोक थांबायचे, खिदळायचे आणि मोहरीच्या तिखट चटणीची बाटली घेऊन जायचे.

"मालकाला झणझणीत चेहरा हवा होता," एइझो म्हणाला.

"आणि तो तुम्हाला मिळाला कुठे?"

"रोजच्या बघण्यातला आहे."

सूप मोरीत गेलं.

रोजच्या! म्हणजे गल्लीतलीच कुणीतरी. तोमिए तशीच बाहेर पडली आणि थेट सुगिनोच्या दारात उभी राहिली. सुगिनो विधवा, वाम मासे भाजून विकायची, आणि एइझो दुपारचं जेवायला तिथेच असायचा.

"माझ्या नवऱ्यासमोर तोंड करून कधी बसलीस गं?"

निखाऱ्यांवर फिरणारा सुगिनोचा हातपंखा थांबला. तिनं समोरच्या पाटीकडे पाहिलं, तोमिएकडे पाहिलं आणि घाईघाईनं निखाऱ्यांकडे वळली. "माझी भुवई अशी चढत नाही हो वहिनी. चढली असती, तर या गिऱ्हाइकांना केव्हाच सरळ केलं असतं."

"मग कुणाची चढते?"

"मला या गल्लीत राहायचंय."

मोहरीवाले नागाओ तर तिला बघूनच उभे राहिले. "काय सांगू वहिनी, काय विक्री आहे! गिऱ्हाइकं म्हणतात, हुबेहूब उतरलीय."

"हुबेहूब कोण?"

"आत काहीतरी सांडलं वाटतं," म्हणत नागाओ गोदामात पळाले.

तोमिएच्या अंगाची लाहीलाही झाली. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! जिच्या बाळंतपणात रात्री जागून काढल्या ती सुगिनो, जे सणासुदीला हक्कानं जेवून जातात ते नागाओ, सगळे एका माळेचे मणी. नवऱ्यानं फसवलं ते फसवलं, गल्लीनंही तोंड शिवून घ्यावं?

समोरच्या माडीवरून इवाए न्हाव्यानं हाक मारली, "वहिनी, वर या. घटकाभर खुर्चीत टेका, डोकं शांत होईल."

"माझं डोकं शांतच आहे!" ती किंचाळली.

घरी येऊन तिनं कपड्यांचं गाठोडं बांधलं. "नाव सांगा, नाहीतर मी कोबेला भावाकडे चालले."

एइझोनं तिच्याकडे एकवार पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, "सांगितलं तर नक्की जाशील."

याहून स्पष्ट कबुली ती काय असते? तोमिएच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं बाहीनं खसकन पुसलं. कोपऱ्यातला काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश उचलला. "जातेच. पण आधी तिचं तोंड काळं करते."

नळ्या बसवणाऱ्यांची शिडी अजून नागाओंच्या दुकानाला टेकलेलीच होती. तोमिए झपाझप वर चढली. खाली गर्दी जमली. सुगिनो पंखा हातात घेऊन आली, नागाओ गोदामातून डोकावले.

"तोमिए, खाली उतर! विजेचा झटका बसेल!" एइझो शिडी घट्ट धरून ओरडत होता.

"अजून तिचाच पुळका!"

तेवढ्यात गल्लीतले दिवे लागले. तोमिएच्या खांद्याशेजारी त्या बयेचे गाल रसरसले, नाकातून पिवळी वाफ निघाली. तोमिएनं ब्रश डब्यात बुडवला.

"शेवटचं विचारते! ही आहे तरी कोण?"

खाली सुगिनोनं पंख्याआड तोंड लपवलं, नागाओ पुन्हा गोदामात शिरले. समोरच्या माडीवर इवाएनं मात्र दुकानाची खिडकी सताड उघडली. "वहिनी, इकडे!"

आता हा आणखी काय अक्कल शिकवतो, म्हणून तोमिए तरातरा वळली. त्या बोळाएवढ्या गल्लीपलीकडे, न्हाव्याच्या भिंतभर आरशात ती बया दोनदा दिसत होती, आणि दोघींपैकी एकीच्याच हातात रंगाचा डबा होता.