खाली पडलेलं उचलायचं नाही

कंगवा पडला.

फरशीवर टक्कन आवाज झाला आणि सुनेचे हात सासूबाईंच्या ओल्या केसांत तसेच थांबले. मागच्या परीक्षेतही असंच झालं होतं. हाच हॉल, आरशासमोरची हीच खुर्ची, आणि खुर्चीत याच सासूबाई. टेबलापलीकडच्या परीक्षक बाईंनी मान वर केली.

पार्लरचा परवाना हवा असेल तर नियम साधा होता. खाली पडलेली वस्तू पुन्हा गिऱ्हाइकाच्या डोक्याला लावायची नाही. ती वेगळी टाकायची, हात धुवायचे, डब्यातली स्वच्छ घ्यायची. मागच्या वेळी सून हे करणारच होती. पण तिच्याआधी सासूबाई वाकल्या. त्यांनी कंगवा उचलला, अंगावर पांघरलेल्या कापडाला खसाखसा पुसला आणि "घे गं" म्हणून पुढे केला. त्यांच्या घरात पडलेली वस्तू जमिनीवर टिकतच नसे. मुलाच्या हातून रुमाल निसटला तरी तो फरशीला लागायच्या आत त्या उठलेल्या असत. सुनेनंही कंगवा सवयीनं घेतला आणि केसांत घातला. तिथेच परीक्षा संपली.

"काय चुकलं गं?" घरी येताना सासूबाईंनी विचारलं होतं.

"हात थरथरले, आई."

"हं," त्या म्हणाल्या.

नापास झालं की पार्लरच्या शाळेत जाऊन ठरलेले तास पुन्हा भरायचे, मगच परत परीक्षेला बसायचं, असा सरकारचा दंडक. दुसऱ्यांदा नापास झालं तर सगळं शिक्षण पहिल्यापासून. चौकातल्या पार्लरवाल्या ताईंनी तिच्यासाठी एक खुर्ची अडवून ठेवली होती. ती काही जन्मभर रिकामी राहणार नव्हती.

"या वेळी तुझ्या बहिणीला ने," नवरा म्हणाला होता.

"आणि आईंनी विचारलं, माझं डोकं का नको, तर?"

"मग नुसतं सांग, काही पडलं तर उचलू नका म्हणून."

"तुझ्या आईला? अर्ध्या वाक्यात ओळखतील सगळं. मग जिवाला लावून घेतील. नकोच ते. कंगवा घट्ट धरीन मी."

त्यात भर म्हणजे सासूबाईंची कंबर धरली. म्हणजे त्या स्वतः तसं म्हणाल्या नव्हत्या, घरच्यांनीच ओळखलं. स्वयंपाकघरात चमचा पडला तर त्या नुसत्या बघत बसायच्या. कपड्यांचे चिमटे दोरीखाली पडून राहायचे.

"आई, चमचा पडलाय," मुलगा म्हणाला.

"दिसतोय. डोळे शाबूत आहेत अजून."

"कंबर दुखते का? डॉक्टरांकडे जाऊ या."

"डॉक्टरबिक्टर काही नको."

मग सून रोज शाळेतून आल्यावर त्यांच्या कमरेला मलम चोळायची. त्या डोळे मिटून म्हणायच्या, "चोळ बाई. तेवढाच तुझ्या हातांना अभ्यास."

आणि आज इतका घट्ट धरूनही कंगवा पडला होता.

परीक्षा चालू असताना बोलायला बंदी. सुनेनं मनातल्या मनात देवाला हाक मारली आणि आरशात पाहिलं. सासूबाईंचा हात कापडाखालून बाहेर आला. खुर्चीच्या दांड्यापर्यंत आला. आणि तिथेच त्याची मूठ वळली. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते, नजर छतावरच्या दिव्याला खिळलेली.

देवा, बरं झालं यांची कंबर दुखतेय, असं सुनेच्या मनात आलं. लगेच तिनं जीभ चावली. मग कंगवा चिमट्यानं उचलून वेगळ्या डब्यात टाकला, हात स्वच्छ धुतले, नवा कंगवा घेतला आणि राहिलेले केस कापून, वाळवून, नीट बसवून दिले.

निकालासाठी दोघी बाहेर बाकावर बसल्या. सासूबाई आपल्या नव्या केसांवरून हळूच हात फिरवत होत्या. शेवटी दार उघडलं. परीक्षक बाई म्हणाल्या, "पास झालात. परवाना घरी येईल."

सासूबाई ताडकन उठल्या.

"हळू, आई! कंबर!"

"कंबरेला काय धाड भरलीय?"

सासूबाईंनी समोरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे एवढ्या मोठ्या अक्षरांत परीक्षेचे नियम लावले होते.

"मागच्या वेळी निकाल ऐकायला तू आत होतीस, तेव्हा इथेच बसले होते मी. वाचता येतं मला."

"म्हणजे तुम्हाला तेव्हापासून... मग बोलला का नाहीत?"

"तू बोललीस?"

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते बोटानं टिपलं, तिचा हात धरला आणि भराभर पायऱ्या उतरायला लागल्या.

"आई, अहो, एवढी घाई कसली?"

"तुझे तास भरले तसे माझेही भरले आज. आता चल बाई लवकर. तुझ्या नवऱ्याचा मोजा सोमवारपासून दारात पडलाय, तो आधी उचलू दे मला."