वेगाचा आकडा

गुढियारीत कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मीनाक्षीने शालिग्रामकाकांची जुनी हार्ड डिस्क जोडली. वारलेल्या सुशीलाकाकूंच्या आवाजाची एकुलती एक फाईल तिच्यात होती. पहिल्यांदा आवाज अडखळला, दुसऱ्यांदा स्वच्छ आला. मग तिने त्याच फाईलवर वेगाची टेस्ट लावली, तर आकडा नव्या डिस्कला लाजवेल असा.

"काका, डिस्क ठणठणीत आहे. तरी कॉपी करून ठेवू काय?"

"चांगली आहे तर काहून?" काका हसत डिस्क घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी ते परत आले. "पोरी, सुशीला बोलूनच नाही राहिली."

मीनाक्षीने डिस्क जोडली. डिस्कमधून नुसती टकटक ऐकू आली.

"काल तुह्याजवळ किती साफ बोलली! तशीच लाव ना."

एवढी जुनी डिस्क एवढा वेग देईलच कशी, हे मीनाक्षीला आत्ता उमगत होतं. टेस्टने डिस्क मोजलीच नव्हती. एकदा वाचलेलं सगळं कॉम्प्युटरने स्वतःच्या मेमरीत धरून ठेवलं होतं आणि तिथूनच झटपट पुढे केलं होतं. काकूंचा तो स्वच्छ आवाजही तिथलाच. बंद करेपर्यंत तो तिथे शाबूत होता, आणि काका वळताच तिने कॉम्प्युटर बंद केला होता.