जागृत दगड

“मॅडम, भीती घालणारा दगड दिसला की आमच्याकडं त्याला शेंदूर फासतात,” साइटवर चहा देणाऱ्या शेवंताबाई म्हणाल्या होत्या. मृणाल नुसती हसली. अणुकचरा पुरलेल्या टेकडीपासून लोकांनी दूर राहावं म्हणून तिने तिथे अक्राळविक्राळ तोंडाचा दगड उभारला. माणसं जवळ येण्याचा धोका तज्ज्ञांनी ‘नगण्य’ ठरवला. त्या अहवालाखाली सही तिची.

आठ वर्षांनी तिथे जत्रा भरली होती. थंडीतही जमीन उबदार, म्हणून देव जागृत. मृणालच्या हातातलं किरणोत्सर्ग मोजणारं मीटर टिकटिकत राहिलं.

“पाच दिवस लेकराला इथंच निजवलं, सर्दी पळाली बघा,” एक बाई कौतुकाने म्हणाली आणि गर्दीत दिसेनाशी झाली. मृणालला तिचं नावही विचारता आलं नाही.

मृणालचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे: शेजारी त्या जत्रेहून परतलेली कोणी लेकुरवाळी असेल, तर आजच जाऊन बाळाला बघून या.