एकच कोड

दोन प्रकारच्या फोनसाठी आमच्या ऑफिसात दोघं वेगवेगळं ॲप लिहायचो, मी आणि ताई. मग एकच कोड दोन्हीकडे चालवणारं फ्रेमवर्क बाजारात आलं आणि साहेबांना चेव चढला.

"प्रत्येक फोनचा स्वभाव वेगळा असतो, काही भाग वेगळा लिहावाच लागतो," ताई सांगून थकली. "जुनाट विचार," म्हणत साहेबांनी मोबाइलमधून डोकं वर न काढता तिला नारळ दिला.

पुढे फ्रेमवर्कची नवी आवृत्ती आली की मी अख्खं ॲप पुन्हा लिहायचो. या फोनवर कॅमेरा चालू झाला की त्या फोनवर बटणं मान टाकायची. साहेबांचं ठरलेलं, "पुढच्या आवृत्तीत होईल."

काल त्या फ्रेमवर्कच्या परिषदेत नवी आवृत्ती जाहीर झाली. तिची मुख्य इंजिनिअर स्टेजवरून म्हणाली, "प्रत्येक फोनचा स्वभाव वेगळा असतो. आता काही भाग वेगळा लिहिता येईल."

ती आमची ताई होती. साहेब उभं राहून टाळ्या पिटत होते.


"नशीब लागतं रे," ते माझ्या कानाशी हळहळले, "अशी बाई आपल्याकडे कधी आलीच नाही."