तिरका स्क्रू

स्क्रीनवरचा जबडा डॉक्टरांनी माउसने उजवीकडे फिरवला आणि त्यांचा हात जागीच थांबला.

हनुवटीशेजारी हाडावर धातूची जुनी पट्टी होती. तिला चार स्क्रू. त्यातला एक तिरका गेला होता.

"तरुणपणी मोटरसायकलवरून पडलो होतो," खुर्चीतला पेशंट म्हणाला. "त्याचा आता अडथळा यायचा नाही ना?"

"नाही," डॉक्टर म्हणाले.

तो स्क्रू त्यांनीच बसवला होता, शिकत असताना. ड्रिल सटकलं होतं आणि मागून सर खेकसले होते, "जबडा आहे तो, फळी नव्हे! सुतारकाम करतोस काय?" स्क्रू पक्का बसलाय म्हणून सरांनी तो तसाच राहू दिला. पुढे डॉक्टरांनी कितीतरी जबडे जोडले, पण ती चूक त्यांना झोपेतही ओळखता आली असती.

त्यांनी पेशंटकडे नीट पाहिलं. पांढरी दाढी, आत गेलेले गाल, खालचे बहुतेक दात पडलेले. नाव भलतंच सांगितलं होतं. डोळे मात्र तेच होते.

हा माणूस केव्हाच मेला होता. मुलगी तान्ही असताना तलावात होडी उलटली, प्रेत हाती लागलं नाही, आणि कायद्याला लागतात तितकी वर्षं थांबून कोर्टाने त्याला मृत ठरवलं. निकाल लागला त्याच महिन्यात डॉक्टरांनी त्याच्या बायकोशी लग्न केलं होतं.

"मग दात कधी बसतील?" पेशंटने विचारलं.

डॉक्टर रोजच्यासारखं सांगू लागले. जीभ आपोआप चालत होती. आता सगळं आधी कॉम्प्युटरवर ठरतं. कुठला इम्प्लांट कुठे, किती खोल, नस किती अंतरावर. त्या मापाचा साचा थ्री-डी प्रिंटरवर छापून घेतात, तो हिरड्यांवर बसवतात आणि त्याच्या भोकांतूनच ड्रिल जातं. हात इकडचा तिकडे व्हायला वावच नाही. हाड चांगलं असेल, तर तात्पुरते दात त्याच दिवशी.

"म्हणजे सकाळी बोळकं घेऊन यायचं आणि संध्याकाळी चणे खात जायचं!"

"चणे लगेच नाही. पण पूर्वी महिनोन् महिने थांबावं लागायचं."

"थांबायची सवय आहे मला."

स्क्रीनकडे त्याचं फारसं लक्ष नव्हतं. तो डॉक्टरांकडेच पाहत होता.

"घरी कोण असतं?" डॉक्टरांनी शक्य तितक्या सहज विचारलं.

"एकटाच असतो. माणसं होती. आपापल्या ठिकाणी बरी आहेत."

बरी आहेत, हे याला कुठून कळलं? तो माग काढत इथवर आला असेल का? उद्या दारात उभा राहून मुलगी मागेल का? डॉक्टरांना बसवेना. ते उठले, हात धुतले, पुन्हा येऊन बसले, आणि उगाचच हातमोजे बदलले.

"हाड काय सुंदर आहे हो, सर," सिस्टर स्क्रीनकडे पाहून म्हणाल्या. "एका बैठकीत होईल."

"नाही होणार," डॉक्टर ताडकन म्हणाले. "हाड कमी आहे. दुसरीकडे दाखवा. मी ही केस घेत नाही."

पेशंटने वाद घातला नाही. तो सावकाश उठला, शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या आणि म्हणाला, "तुमचा हात चांगला आहे, असं ऐकलं होतं." मग दार हलकेच लावून घेऊन तो गेला.

डॉक्टरांनी उरलेल्या अपॉइंटमेंट पुढे ढकलल्या आणि ते पायीच निघाले. दर चौकात त्यांनी मागे वळून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते पेशंटशी खोटं बोलले होते, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांना त्याचं वाईट वाटत नव्हतं. फक्त धास्ती वाटत होती. बायकोला सांगितलं तर? ती कोसळेल. नाही सांगितलं तर? तो आज ना उद्या समोर येणारच.

घरी लेक अभ्यासाची पुस्तकं पसरून पेन चावत बसली होती.

"बाबा, आज लवकर? पेशंट चावला की काय?"

"दात असते तर चावला असता," ते म्हणाले. ती खळखळून हसली. हनुवटी थेट त्याची होती. हाडांची भाषा जाणणाऱ्या माणसाला ते कधीच कळलं होतं. तिला 'बाबा' म्हणायला मात्र त्यांनीच शिकवलं होतं.

तेवढ्यात त्यांचं ठरलं. हे गिळून टाकायचं. काय व्हायचं ते आपल्या एकट्याला होऊ दे, या दोघींना झळ लागता कामा नये.

स्वयंपाकघरात बायको भाजी निवडत होती. ते तिच्याजवळ जाऊन उभे राहिले.

"चेहरा का उतरलाय?" तिने विचारलं.

"काही नाही गं. एक केस परत पाठवली. हाड कमी होतं."

ती उठली. लेकीच्या कानावर पडू नये म्हणून तिने दार लोटलं.

"त्याचा फोन आला होता मघाशी," ती म्हणाली. "'तुझ्या नवऱ्याने मला ओळखलं,' म्हणाला."

"तो तुला फोन करतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुझ्यासमोर यायला तयारच नव्हता रे तो," ती म्हणाली. "आपल्या लग्नाच्या आधीपासून समजावतेय मी त्याला."