लाल टिंब

"टिंब विसरलीस," बाबा म्हणाले.

बारकीने शिडीवरून वळून पाहिलं. बाबा दुकानाच्या दारातल्या खुर्चीत बसले होते, डोळे मिटलेले, हनुवटी काठीवर टेकलेली. तिने पुन्हा पाटीकडे पाहिलं. 'सुदर शिलाई'. खरंच की!

"तुम्हाला कसं कळलं?"

"ब्रश टेकला की टक् वाजतं. वाजलं नाही."

पाटी ज्याची होती तो शिंपी खाली उभा होता. "मास्तर, काय तिखट कान हो तुमचे! आमच्या घरात ओरडून सांगितलेलंही कुणाला ऐकू जात नाही."

बारकीने खाली उतरून लाल रंगाचा डबा उघडला. अक्षरं निळी आणि टिंब लाल, ही बाबांची खूण. लाल टिंब दिसलं की पाटी कुणी रंगवली हे गावात कुणी विचारत नसे. टिंबं सगळ्यात शेवटी द्यायची पद्धत, त्यामुळे बारकी घाईत असली की एखादं हमखास राहून जायचं. मग बाबांचं ठरलेलं वाक्य यायचं, "या घरातून चुकलेलं अक्षर बाहेर जाणार नाही."

बारकी नावाचीच बारकी. पस्तिशीला आली होती. तिचा दादा दोन वर्षांपूर्वी परराज्यात नोकरीला गेला आणि पुढच्याच महिन्यात बाबांच्या डोळ्यांपुढे धुकं आलं. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि म्हणाले, "यंत्रात तर मला काहीच दिसत नाही."

"मलाही," बाबा म्हणाले, आणि पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढले नाहीत.

तेव्हापासून पाट्या बारकीच रंगवायची. बाबांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची, त्यांच्या हातात कप द्यायची, कोपर धरून त्यांना कोपऱ्यापर्यंत फिरवून आणायची. त्यांची पकड घट्ट होती. काठी रंगाच्या डब्यावर वाजली की हातातलं टाकून धावायचं. मैत्रिणीच्या लग्नात ती जेवायच्या आधी निघून आली होती, कारण बाबा घरी एकटे होते.

आणि आता टेबलावर ते पत्र होतं. परराज्यातल्या एका संग्रहालयात जुन्या दुकानांच्या पाट्या पुन्हा रंगवायच्या होत्या. राहायला खोली, हाताखाली शिकायला चार जणी. तिथल्या प्रमुख बाई मूळच्या इकडच्याच. त्यांनी लिहिलं होतं, 'उत्तर हाताने लिहा, तुमचं अक्षर पाहायचं आहे.' ते उत्तर आजच्या टपालाने निघायला हवं होतं. आठ दिवस बारकी ते पत्र नुसतं उघडत आणि मिटत होती. तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं की रात्रीच्या स्वप्नात ती पिशवी भरायची.

शिंपी पाटी घेऊन गेल्यावर बाबांनीच विषय काढला. "काय ठरवलंस मग?"

"तुम्ही सांगा."

"मी कोण सांगणार? तू जा गं. माझं काय, भिंतीला धरून चालीन."

"दादा म्हणतो, तुम्हाला तिकडे घेऊन जाईल."

"या वयात? इथे निदान भिंती तरी ओळखीच्या आहेत." बाबा उठले आणि दोन पावलांवरच्या स्टुलावर धडकले. वरचा पेला खाली पडला, चहा सगळीकडे झाला. "हे स्टूल इथे कधी आलं?"

"बारा वर्षं तिथेच आहे, बाबा."

"असेल. दिसत नाही ना मला."

बारकीने फरशी पुसली. पुसता पुसता तिला रडू आलं आणि रागही आला. राग कुणाचा, तेच कळेना. आंधळ्या माणसावर रागवायचं तरी कसं? शेवटी तिने हात धुतले, निळ्या शाईचं पेन घेतलं आणि विचार बदलायच्या आत भराभर लिहून टाकलं:

'तुमचे पत्र वाचून फार बरे वाटले. पण माझ्या वडिलाना दिसत नाही. मला राज्य सोडता येणार नाही. क्षमा असावी.'

"लिहिलंस?" बाबांनी विचारलं. "वाच बघू."

तिने वाचून दाखवलं. आवाज कापू दिला नाही.

बाबा म्हणाले, "बघ बाई, तुझी मर्जी. मी काही तुला अडवलं नाही हं."

"नाही, बाबा."

घरात पाकीट नव्हतं. पत्र टेबलावर ठेवून ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "काय, चाललीस म्हणे आम्हाला सोडून?" तिने मान हलवली. "मी कुठे जातेय!" ती म्हणाली आणि हसली. परत येताना रस्ता फारच लवकर संपला.

बाबा खुर्चीतच होते, डोळे मिटलेले, हनुवटी काठीवर.

"मिळालं पाकीट?"

"मिळालं."

"मग टाकून ये लगेच. टपाल निघून जाईल."

घडी घालायला तिने पत्र उचललं आणि शेवटचं एकदा नजरेखालून घातलं. 'माझ्या वडिलांना दिसत नाही.' मघाशी तिच्या हातून राहून गेलेलं टिंब आता 'ला'च्या डोक्यावर अगदी जागच्या जागी होतं, लाल, गोल आणि अजून ओलं.