सुझदलचं आमंत्रण

सुहासिनीबाईंचं सुझदल काही संपत नव्हतं. फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर त्या हौसेनं रशियातलं हे जुनं गाव पाहून आल्या होत्या, आणि आता जबलपूरला, मदन महलच्या घरात, भर दुपारी कूलरसमोर बसून सुनेला मोबाइलवर फोटो दाखवत होत्या.

"पाह्य प्रणोती, निळे घुमट अन् त्यांच्यावर सोन्याच्या चांदण्या! अन् हे चर्च पूर्ण लाकडाचं. इतकं जुनं, पण कालच रंधा मारल्यासारखं. माझे तर हातच जुळले."

विहारात काढतो तसे त्यांनी प्रत्येक चर्चबाहेर बूट काढले होते. तिथं तसं कोणीच करत नाही, म्हणून गाइड हसली होती.

"आई, तुमच्या बुटांच्या बाजूला हे लोकरीचे बूट कोणाचे?"

सुहासिनीबाईंनी बोटानं पुढचा फोटो सरकवला. चर्च वेगळं, दार वेगळं, पण बाजूला बूट तेच.

"आत तर मी एकटीच होती," त्या हळूच म्हणाल्या. "निघताना मन भरून आलं. म्हटलं, चलो, येते. तुम्हीपण या एकदा जबलपूरला."

"कोणाला म्हटलं?"

"कोणाला नाही. निघताना आपण म्हणतोच ना?"

प्रणोती हसली. गरम हवा येत होती म्हणून दार लोटायला उठली, आणि तिथंच थबकली.

उंबऱ्याबाहेर, सासूच्या चपलांशेजारी, फोटोतले तेच लोकरीचे बूट नीट काढून ठेवले होते. त्यांच्यावरचा बर्फ अजून पुरता वितळला नव्हता.

बूट रिकामे होते.